मत्स्यन्याय आणि मत्स्यपेटी

खाऱ्या पाण्याची मत्स्यपेटी बाळगणाऱ्याला केव्हा ना केव्हा एका प्रसंगाला सामोरे जावे लागते. पेटीत आधीपासून काही मासे नांदत असतात. एखादा डॅमसेल, एखादा डॉटीबॅक, किंवा मरून क्लाउनफिशची जोडी आपापला खडक आणि आपापली कपार राखून असते. अशा पेटीत एक लहान नवा मासा सोडायचा असतो. समजा, तो फायरफिश गोबी आहे : बोटभर लांबीचा, पुढून पांढुरका, मागे केशरी-तांबड्या रंगात विरत गेलेला, पाठीवरचा काडीसारखा लांब पर उभारून पाण्यात एका जागी तरंगणारा. प्लास्टिकच्या पिशवीतून तो पेटीत उतरतो आणि पहिल्या काही मिनिटांतच त्याच्यावर धाव घेतली जाते. तो एका कपारीत शिरतो, तेथून हुसकला जातो. दुसऱ्या कपारीकडे वळतो, तीही कोणाची तरी असते. अखेर फाटलेल्या परांनिशी तो पाण्याच्या पृष्ठालगत एका कोपऱ्यात थिजून राहतो. पेटीवर जाळी नसेल, तर पुष्कळदा तो बाहेर उडी घेतो आणि सकाळी फरशीवर वाळलेला आढळतो.

हा प्रसंग सांगताना दोनच प्रकारची वाक्ये सहसा कानी पडतात. ‘नवा मासा रुळला नाही’ हे एक. ‘जुना मासा फार मारकुटा आहे’ हे दुसरे. पहिल्या वाक्यात दोष आगंतुकाच्या दुबळेपणाकडे जातो, दुसऱ्यात रहिवाशाच्या स्वभावाकडे. या दोन्ही वाक्यांच्या रचनेत एक कर्ता मात्र सफाईने वगळला गेलेला असतो. पिशवीचे तोंड उघडणारा हात कोणत्याच वाक्यात येत नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय हा वगळलेला कर्ता आहे. दोन प्राण्यांच्या संघर्षात दोघांनाही आपण काय करतो आहोत याचा विवेक नसताना, ज्याने त्यांना एकत्र कोंडले त्याच्यावर कोणते दायित्व येते, असा हा प्रश्न आहे. वरवर पाहता तो एका छंदापुरता मर्यादित आणि काहीसा क्षुल्लक वाटेल. परंतु नैतिक प्रश्नांची क्षुल्लकता बहुधा त्यांच्या आकारावरून ठरवली जाते, आणि तो निकष फारसा विश्वासार्ह नाही.

मत्स्यपेटी ही वस्तू मानवी इतिहासात तशी अलीकडची आहे. तळी, हौद आणि कुंडे यांत मासे पाळण्याची प्रथा प्राचीन असली, तरी काचेच्या बंदिस्त पात्रात जलचरांचा एक स्वयंपूर्ण संसार मांडण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची. इंग्लंडमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये पाणवनस्पती, गोगलगाय आणि मासा यांच्यातील परस्परपूरक देवघेवीविषयीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस याचा ‘द ॲक्वेरियम’ हा ग्रंथ आला आणि समुद्रकाठची जीवसृष्टी दिवाणखान्यात आणून ठेवण्याची एक लाटच इंग्लंडमध्ये उसळली. तिची किंमत काय पडली, हे गॉसच्या मुलाने नोंदवून ठेवले आहे. एडमंड गॉस याने १९०७ च्या ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात, वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या संग्राहकांनी किनाऱ्यावरील खडकांतली डबकी कशी ओरबाडून रिकामी केली, याविषयी खेद व्यक्त केला आहे.

या आरंभीच्या काळापासून मत्स्यपेटीच्या विचारविश्वात ‘संतुलन’ हा शब्द केंद्रस्थानी राहिला. मात्र ते संतुलन रसायनाचे होते. प्राणवायू किती, कर्बवायू किती, क्षार किती, याचा हिशेब त्यात होता. आजही खाऱ्या पाण्याची पेटी राखणारा माणूस पाण्याची क्षारता दर हजारी सुमारे ३५ आणि तापमान २५ अंशांच्या आसपास ठेवण्यासाठी झटतो. परंतु पेटीतल्या जीवांचे एकमेकांशी नाते काय असेल, कोण कोणाला जगू देईल, हा प्रश्न त्या मूळ हिशेबात नव्हता. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये खुल्या झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयासमोर ज्या पिढ्यांनी थक्क होऊन समुद्रातले मासे पाहिले, त्यांनाही काच दिसली ती खिडकी म्हणून. पलीकडच्या जीवाला तीच काच भिंत म्हणून भेटते, ही जाणीव होण्यासाठी पाहणाऱ्याला आपली जागा क्षणभर सोडावी लागते.

ही भिंत नेमके काय करते, हे समजण्यासाठी प्रथम भिंत नसलेल्या ठिकाणी काय घडते ते पाहिले पाहिजे. प्रवाळखडकावर डॅमसेल कुळातील अनेक मासे खडकाचा एक लहानसा तुकडा आपला मानतात. एखाद्या चटईएवढ्या जागेवर ते शेवाळाची जणू शेतीच राखतात आणि त्यासाठी आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या माशांवर, प्रसंगी पाणबुड्याच्या हातावरही धावून जातात. हा आवेश पाहणाऱ्याला अमर्याद वाटतो, पण त्याला मर्यादा असते आणि ती जागेची असते. आगंतुक त्या तुकड्याची सीमा ओलांडून पलीकडे गेला की पाठलाग थांबतो. या आक्रमणाची सारी रचना हुसकावून लावण्यासाठी झालेली आहे. शेजारच्या तुकड्यावर राहणाऱ्या ओळखीच्या माशाला तर पुष्कळशी सूटही मिळते. प्राण्यांच्या या वृत्तीला जेम्स फिशर या पक्षितज्ज्ञाने १९५४ मध्ये ‘प्रिय शत्रू’ असे अर्थपूर्ण नाव दिले : नित्याचा शेजारी अनोळखी उपऱ्याइतका धोकादायक मानला जात नाही. थोडक्यात, समुद्रातल्या या भांडणाला एक व्याकरण आहे, आणि ‘निघून जाणे’ हे त्यातले पूर्णविरामाचे चिन्ह आहे.

पेटीत हे चिन्हच उरत नाही. चार फूट लांबीची, साडेतीनशे लिटर पाणी मावणारी पेटी माणसाला मोठी वाटते. रहिवासी डॅमसेलच्या दृष्टीने ती सगळी त्याच्या अंगणातच मोडते. नवा मासा पळतो, पण पळून कोठेही पोहोचत नाही. शरणागतीचा एकच मार्ग त्याला ठाऊक असतो, दृष्टीआड होण्याचा. आणि पारदर्शक भिंतींच्या या घरात तो मार्ग बंद असतो. परिणामी त्याचे केवळ तेथे असणे हेच रहिवाशाला सततचे आव्हान होऊन बसते. समुद्रात जो पाठलाग क्षणार्धात संपला असता तो पेटीत दिवसभर चालतो आणि हुसकावण्यासाठी असलेली कृती मारून टाकण्यात परिणत होते. माशाचा स्वभाव दोन्ही ठिकाणी तोच आहे. बदलली आहे ती फक्त बाहेर पडण्याची वाट. ज्या प्राण्याला मारकुटा म्हटले जाते, त्याच्या मारकुटेपणातला घातक अंश बऱ्याच अंशी काचेने पुरवलेला असतो.

आक्रमणाविषयीच्या आधुनिक चिंतनाचा एक आरंभबिंदूही प्रवाळखडकावरच आहे, हा योगायोग लक्षणीय ठरतो. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाचा आक्रमकतेवरील प्रसिद्ध ग्रंथ १९६३ मध्ये जर्मन भाषेत निघाला. फ्लॉरिडाच्या किनाऱ्यालगतच्या खडकांत पोहताना आणि नंतर पेटीत पाहिलेल्या माशांच्या वर्णनाने तो सुरू होतो. भडक रंगांचे मासे आपल्याच जातीच्या माशावर सर्वाधिक त्वेषाने तुटून पडतात, हे त्याने टिपले आणि त्यामागे जागेची वाटणी हे प्रयोजन पाहिले. आजही अनुभवी मत्स्यपालक नवा मासा निवडताना रहिवाशाशी रंगाने आणि ठेवणीने मिळताजुळता मासा टाळतात. त्यामागे हेच निरीक्षण आहे. लोरेन्झकडे पुढे पुन्हा वळावे लागेल. कारण माशांवरून माणसांकडे जाण्याची जी वाट त्याने चोखाळली, ती धोक्याची आहे.

भारतीय परंपरेने माशांच्या या जगाकडे फार पूर्वी पाहिले आणि त्यातून राज्यशास्त्राची एक मूलभूत संज्ञा घडवली. मत्स्यन्याय म्हणजे मोठ्या माशाने लहान माशाला गिळण्याची रीत. दंड धारण करणारा नसेल तर बलवान दुर्बलाला ग्रासतो, असे कौटिल्याचे अर्थशास्त्र सांगते. महाभारताच्या शांतिपर्वातही अराजकाचे वर्णन याच प्रतिमेने केले आहे. अर्थशास्त्रात अन्यत्र असाही उल्लेख आहे की, मत्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने वैवस्वत मनूला राजा केले. राजा, दंड आणि शासनसंस्था यांचे समर्थनच येथे माशांच्या वर्तनावर उभे आहे. या मांडणीतील गृहीतक असे की, अराजक ही मूळची अवस्था आहे आणि सत्ता नंतर येऊन तिला आवर घालते.

मत्स्यपेटी या गृहीतकाला छेद देते. तेथे सत्ता आधी आहे आणि मत्स्यन्याय तिच्या पाठोपाठ आलेला आहे. पाणी, प्रकाश, अन्न, खडकांची मांडणी, रहिवाशांची निवड, त्यांच्या येण्याचा क्रम या साऱ्या गोष्टी एकाच व्यक्तीच्या हाती असतात. इतकी निरंकुश सत्ता कोणत्याही चक्रवर्तीला लाभलेली नसेल. अशा राज्यात एक प्रजाजन दुसऱ्याला छळून मारत असेल, तर ‘निसर्गच तसा आहे’ हे उत्तर देण्याचा अधिकार राजाला उरत नाही. निसर्गातून त्याने हवे ते निवडून आणले आणि नको ते बाहेर ठेवले. बाहेर ठेवलेल्या गोष्टींत अंतरही होते.

याच वैवस्वत मनूशी निगडित असलेली दुसरी कथा येथे अधिक उपयोगी पडते. शतपथ ब्राह्मणात मनू हात धुण्यासाठी पाणी घेतो, तेव्हा एक चिमुकला मासा त्याच्या ओंजळीत येतो आणि संरक्षण मागतो. आम्ही लहान असतो तोवर आमचा मोठा संहार होतो, मासाच माशाला गिळतो, अशी त्याची विनवणी. मनूने त्याला आधी घटात ठेवावे, घट अपुरा पडला की खड्डा खणून त्यात ठेवावे, आणि तोही अपुरा पडला की समुद्रात सोडावे, असा मार्गही तोच सुचवतो. पुढे प्रलयात हाच मासा मनूची नौका तारतो. परंपरेने या कथेचे पुढचे टोक, म्हणजे प्रलय आणि नौका, अधिक लक्षात ठेवले. तिच्या आरंभी मात्र पात्रात मासा ठेवण्याच्या नीतीचा जणू एक लहानसा आराखडाच आहे. मनूचे पात्र संकट टाळण्यासाठी आहे. त्यात दुसरा मासा नाही. आणि ते शेवटचे स्थान नाही. संरक्षकाने माशाच्या वाढीबरोबर पात्र बदलत जायचे आहे. एकदा ओंजळीत घेतले की जबाबदारी ओंजळीच्या मापाची राहत नाही, असा या कथेचा आशय सांगता येईल. दिवाणखान्यातील पेटी हे या पात्राचे उलटे रूप होय. समुद्रात लहान माशासाठी असलेली असंख्य बिळे आणि अंतरे मागे टाकून त्याला येथे अशा पात्रात आणले जाते, ज्यात त्याचा वैरी आधीच बसलेला आहे.

पंचतंत्रातील तीन माशांची कथाही येथे आठवल्यावाचून राहत नाही. डोहावर कोळ्यांची नजर पडल्याचे कळताच अनागतविधाता वेळीच दुसरीकडे जातो, प्रत्युत्पन्नमती ऐनवेळी मेल्याचे सोंग करून निसटतो आणि यद्भविष्य दैवावर हवाला ठेवून मरतो. कथेचा बोध शहाणपणाविषयी आहे, पण त्या शहाणपणाला अर्थ येतो तो डोहातून दुसऱ्या पाण्याकडे जाणारी वाट असल्यामुळे. पेटीत दूरदृष्टी आणि प्रसंगावधान दोन्ही निरुपयोगी ठरतात. तेथे तिन्ही मासे यद्भविष्यच होतात. ज्याचे सारे गुण परिस्थितीने निरर्थक केले आहेत, त्याला ‘रुळला नाही’ म्हणून दोष देणे हे न्यायाला धरून होत नाही.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. समुद्र हा काही अभयारण्याचा दयाळू रखवालदार नाही. प्रवाळखडकावरील मासे अळीच्या अवस्थेत खुल्या समुद्रात काही आठवडे तरंगतात आणि मग, बहुधा रात्रीच्या अंधारात, खडकावर उतरतात. तेही आगंतुकच असतात. उतरल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच त्यांच्यापैकी सुमारे निम्मे भक्ष्य होतात, असे विविध अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. मग पेटीत एक गोबी मेला तर त्याची एवढी चर्चा कशासाठी? मृत्यूंची मोजदाद केली तर पेटी समुद्रापेक्षा सुरक्षितच ठरेल.

आक्षेपातील तथ्य मान्य करायला हवे. निसर्गाला गोंडस रूप देऊन नीतिविचार बळकट होत नाही. परंतु येथे दोन भिन्न प्रश्नांची गल्लत होते. किती मरतात हा एक प्रश्न, आणि त्या मरणाचे उत्तर कोणी द्यायचे हा दुसरा. दरड कोसळून माणूस दगावणे आणि दरडीखाली नेऊन बसवलेला माणूस दगावणे, यांत मृत्यूचे स्वरूप एकच असले तरी दुसऱ्या घटनेला उत्तरदायी कोणीतरी असतो. समुद्राला निवड नसते, म्हणून त्याला दोषही नसतो. पेटीच्या धन्याला निवड असते. शिवाय या माशाला त्याने समुद्रापासून वाचवलेलेही नसते. गोड्या पाण्यातील शोभिवंत मासे बहुतांशी पैदास केंद्रांतून येतात, तर खाऱ्या पाण्यातील शोभिवंत माशांच्या व्यापारात आजही बहुसंख्य जाती प्रवाळखडकांवरून पकडलेल्याच असतात. क्लाउनफिशसारख्या काही जातींची पैदास आता बंदिवासात होते, परंतु तो अपवाद आहे. म्हणजे ज्या गोबीने पहिल्या रात्रीचा संहार चुकवला, स्वतःचे बीळ शोधले, त्यालाच उचलून पुन्हा एकदा आगंतुक केले जाते. या वेळी अंधाराचा आडोसा नाही आणि पळायला पाणी नाही.

माशाला यातना होतात का, हा प्रश्नही आता पूर्वीइतका सहज झटकता येत नाही. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या डोक्यावर व ओठांवर इजेची संवेदना टिपणारे चेतातंतू असल्याचे दाखवले, आणि इजेनंतर माशाच्या वर्तनात होणारे बदलही नोंदवले. माशाच्या अनुभवाचे स्वरूप माणसाच्या वेदनेसारखेच असते, असा निष्कर्ष त्यातून लगेच निघत नाही. या विषयावर अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र ज्याच्या हाती सर्व सत्ता आहे, त्याने संशयाचा फायदा स्वतःला घ्यावा की माशाला द्यावा, एवढे ठरवण्यासाठी हा पुरावा पुरेसा आहे.

दायित्व मान्य केले की ते निभावायचे कसे, हा प्रश्न येतो. आणि येथे अनुभवी मत्स्यपालकांनी चुकतमाकत घडवलेली रीत विचारवंतांनाही काही शिकवून जाते. नवा मासा प्रथम चार ते सहा आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावा. त्यातून रोगांचा संसर्ग टळतो, आणि प्रवासाने खंगलेल्या जीवाला खाण्यापिण्याची उमेदही येते. सर्वांत सौम्य मासे आधी आणि सर्वांत आक्रमक शेवटी आणावेत, म्हणजे पहिल्या ताब्याचा हक्क दुर्बलांकडे राहतो. हा क्रम चुकला असेल तर नव्याला सोडण्यापूर्वी खडकांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्या सीमाच पुसल्या जातात आणि सर्वांनाच काही काळ नवखे व्हावे लागते. नव्याला भोके पाडलेल्या पारदर्शक डब्यात घालून तो डबा काही दिवस पेटीतच ठेवावा. पाणी एक, दृष्टभेट होते, पण दंश पोहोचत नाही. अनोळखी उपरा हळूहळू ओळखीचा शेजारी होतो. सोडण्यापूर्वी रहिवाशांना पोटभर खाऊ घालावे आणि दिवे मालवावेत. एवढे करूनही छळ थांबला नाही, तर छळणाऱ्याला काही दिवस बाहेर काढावे. तो परतेल तेव्हा आगंतुक तो असेल.

या सूचना तांत्रिक दिसतात, पण प्रत्येकीत एकेक नैतिक निर्णय दडलेला आहे. खडक हलवणे म्हणजे आधी आलेल्याचा हक्क निरपवाद नाही, असे ठरवणे. वर्षानुवर्षे एक कपार राखणाऱ्या डॅमसेलवर यात अन्याय होत नाही का? काही प्रमाणात होतोच. परंतु त्याची कपार त्याला समुद्राने दिलेली नव्हती. तीही त्याच हाताने मांडली होती, ज्या हाताने आता नवा मासा आणला. जेथे सर्वांचीच मालकी एका तिऱ्हाइताच्या मर्जीतून आली आहे, तेथे आधी येणे हा गुण नसून योगायोग असतो. पारदर्शक डब्याचा निर्णय याहून सूक्ष्म आहे. तो दोघांपैकी कोणाचाही स्वभाव बदलू पाहत नाही. ओळख होण्यास लागणारा वेळ तेवढा विनाइजा मिळवून देतो. आणि छळणाऱ्याला बाहेर काढणे हा प्रथमदर्शनी दंड वाटला, तरी त्यात सूड नाही. अपराधाची जाणीव नसलेल्याला शिक्षा देणे निरर्थक असते; त्याच्या वर्चस्वाची सलगता मोडणे मात्र अर्थपूर्ण असते. कौटिल्याच्या दंडाहून हा दंड वेगळा आहे, कारण तो व्यवस्थेच्या कर्त्याने स्वतःची चूक दुरुस्त करण्यासाठी वापरलेला आहे.

तरीही एक धोका उरतो आणि तो यशाच्या पोटातला आहे. काही दिवसांनी पाठलाग थांबतात, पेटी शांत होते, आणि धनी समाधान पावतो. ही शांतता कोणत्या जातीची आहे, हे मात्र तपासावे लागते. क्लाउनफिशच्या समूहजीवनावरील संशोधन या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारे आहे. एका समुद्रफुलात राहणाऱ्या गटात सर्वांत मोठी मादी, तिच्याखाली तिचा नर आणि त्याखाली अप्रौढ मासे अशी उतरंड असते. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतील अभ्यासावर आधारलेल्या २००३ च्या निबंधात दाखवले की, खालच्या पायरीवरचा मासा आपली वाढच रोखून धरतो. वरच्याला आव्हान वाटेल एवढा तो मोठा होत नाही. झाला तर हुसकला जाण्याची भीती असते, आणि समुद्रफुलाबाहेर त्याला मृत्यू गाठतो. येथे भिंत काचेची नाही, भक्षकांच्या भयाची आहे, परिणाम तोच. बाहेरची वाट नसलेल्या घरात शांततेची किंमत रांगेत शेवटी असलेला आपल्या वाढीतून चुकवतो.

पेटीतला गोबीही कदाचित असाच ‘रुळतो’. तो कपारीतून क्वचित बाहेर येतो, सर्वांचे खाऊन झाल्यावर उरलेले टिपतो, हळूहळू रोडावतो. अंगावर जखम नसते, म्हणून धन्याच्या नोंदवहीत तक्रारही नसते. झुंज मोजता येते, भय मोजता येत नाही. सत्ताधाऱ्याच्या दृष्टीला आवाज आणि जखम यांपलीकडचे अत्याचार सहसा दिसत नाहीत, आणि म्हणूनच ‘आमच्याकडे सगळे सुरळीत आहे’ हे विधान सत्तेच्या मुखी सर्वाधिक संशयास्पद ठरते.

येथवर आल्यावर हे सारे माणसांना लागू करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तेथे लोरेन्झचे उदाहरण सावध करते. प्राण्यांच्या वर्तनावरून मानवी समाजाविषयी निष्कर्ष काढणारा हा शास्त्रज्ञ १९३८ मध्ये नाझी पक्षाचा सदस्य झाला होता, आणि त्या काळातील त्याच्या लेखनात पाळीव प्राण्यांच्या कथित ऱ्हासाची कल्पना मानवी समाजावर लादलेली दिसते. १९७३ चे नोबेल पारितोषिक त्याला ज्यांच्यासमवेत मिळाले त्यांपैकी निको टिनबर्गन यांना युद्धकाळात जर्मनांनी ओलीस म्हणून डांबले होते; यहुदी प्राध्यापकांना काढून टाकण्याच्या धोरणाला लायडन विद्यापीठात झालेल्या विरोधात ते सहभागी होते. एकाच शास्त्राचे हे दोन अध्वर्यू बंदिवासाच्या भिंतीच्या दोन बाजूंना उभे राहिले. माशांचे ज्ञान दोघांपाशी होते, आणि भिंतीची कोणती बाजू निवडायची हे त्या ज्ञानाने ठरवले नाही.

मत्स्यन्यायाचे रूपक वापरताना माणूस नेहमी स्वतःला माशाच्या जागी ठेवतो. आपण मोठे मासे आहोत की लहान, एवढाच प्रश्न तो विचारतो. या रूपकाचा खरा उपयोग मात्र तिसरी जागा ओळखण्यात आहे. माणूस मासा नाही. तो पेटी मांडणारा आहे. वसतिगृहे, कारखाने, तुरुंग, अनाथाश्रम, इतकेच नव्हे तर एकत्र कुटुंबे या साऱ्या माणसाने मांडलेल्या आणि सहज बाहेर पडता न येणाऱ्या जागा आहेत. तेथे आलेल्या नवख्याचा छळ झाला की ‘मुलेच व्रात्य आहेत’ किंवा ‘तोच फार हळवा होता’ ही दोन वाक्ये तत्परतेने पुढे येतात, आणि ती वाक्ये ओळखीची आहेत. महाराष्ट्राने १९९९ मध्ये रॅगिंगला प्रतिबंध करणारा कायदा केला. तक्रार आल्यावर कारवाई करण्यात कसूर करणारा संस्थाप्रमुख हा त्या अपराधाला साहाय्य करणारा मानला जाईल, अशी तरतूद त्यात आहे. कायद्याच्या रूक्ष भाषेत का होईना, वाक्यातून वगळलेला कर्ता येथे परत आणला गेला आहे. शिवाय माणसांच्या बाबतीत छळणाऱ्यालाही विवेक असतो. त्यामुळे त्याचा दोष कायम राहतो आणि प्रवेश देणाऱ्याचे दायित्व त्यात भर घालते.

अखेरीस एक प्रश्न असा उरतो, जो मत्स्यपालनाच्या कोणत्याही रीतीत सामावत नाही : नवा मासा आणावाच का? पेटीत एक कोपरा रिकामा दिसतो आणि तेथे एक रंग कमी वाटतो. ही उणीव पाहणाऱ्याच्या डोळ्याला वाटते, पेटीतल्या कोणालाही ती जाणवत नाही. सौंदर्याची ओढ ही काही निंद्य गोष्ट नव्हे; तिच्याच बळावर पुष्कळांना समुद्राविषयी आस्था वाटू लागते. परंतु ज्या सौंदर्यासाठी दुसऱ्या जीवाला पळण्याची जागा सोडावी लागते, त्याच्या बदल्यात काही तरी देण्याची तयारी असावी लागते. ती तयारी किती आहे, याची एक साधी कसोटी आहे. नवा मासा आणण्यापूर्वी त्याच्यासाठी दुसरे पात्र पाण्याने भरून तयार आहे का? पहिल्या पेटीत निभाव लागला नाही, तर त्याला तेथून उचलून नेण्याची वाट आधीच मोकळी ठेवली आहे का? मनूला घटानंतर खड्डा आणि खड्ड्यानंतर समुद्र यांची सोय करावी लागली होती, आणि ते सारे त्याने मासा घटात असतानाच मान्य केले होते. ज्याच्यापाशी दुसरे पात्र नाही, त्याने तो कोपरा रिकामा राहू द्यावा.